होमरने न दिलेल्या शिव्या

होमरच्या ओडिसी या प्राचीन ग्रीक महाकाव्याचं एमिली विल्सन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २०१७ साली आलं आणि पहिल्याच ओळीतल्या एका शब्दावरून जो वाद सुरू झाला तो अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो. त्यांची ओळ आहे "टेल मी अबाउट अ कॉम्प्लिकेटेड मॅन". ग्रीकमध्ये ओडिसियसला, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरून घरी परतणाऱ्या काव्याच्या नायकाला, तिथे जे विशेषण लावलंय ते आहे पोलुत्रोपॉस. पोलु म्हणजे पुष्कळ, त्रोपॉस म्हणजे वळण, तर पुष्कळ वळणांचा माणूस, आता ही वळणं त्याच्या समुद्रावरच्या वाटेची की त्याच्या डोक्यातली हे होमर सांगत बसत नाही, दोन्ही अर्थ एका शब्दात ठेवतो आणि पुढे जातो. 'कॉम्प्लिकेटेड' वाचून बरेच लोक चिडले, हा रोजच्या बोलण्यातला शब्द, महाकाव्याच्या नायकाला हा कसा चालेल, आणि मग पुढचा आरोप ठरलेलाच, की एका बाईने होमरमध्ये आजचं राजकारण घुसवलंय.

मला वाटतं हा सगळा वाद चुकीच्या शब्दावर चाललाय.

पोलुत्रोपॉसचं काय करायचं हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात लिवियस अँड्रॉनिकसने ओडिसी लॅटिनमध्ये आणली, रोमन साहित्याची सुरुवातच त्या भाषांतरापासून धरतात, आणि त्याने शब्द घेतला 'वेर्सुतुस', त्यातही वळणं हाच धातू आहे पण लबाडीची छटा जरा जास्त. त्याच्याही आधी प्लेटोच्या एका छोट्या संवादात हिप्पियास म्हणतो की ट्रॉयच्या युद्धातला थोर योद्धा अकिलीस सरळ आणि खरा, ओडिसियस मात्र पोलुत्रोपॉस, म्हणजे खोटारडा, आणि मग सॉक्रेटिस त्याला उलटसुलट प्रश्न विचारून जेरीला आणतो. म्हणजे ज्यांची स्वतःची भाषाच ग्रीक होती त्यांनाही हा शब्द सोपा नव्हता. इंग्रजीत लॅटिमोर म्हणतात 'मॅन ऑफ मेनी वेज', फेगल्स म्हणतात 'मॅन ऑफ ट्विस्ट्स अँड टर्न्स', रियू यांच्याकडे तो 'रिसोर्सफुल' होतो. सगळेच ठीक आहेत आणि सगळेच थोडे अपुरे आहेत. विल्सन यांचा शब्दही तसाच, आत काहीतरी गुंतलेलं आहे एवढं तो सांगतो, भटकंती सांगत नाही, पण ती पुढच्याच ओळीत येते.

आणि खरं सांगायचं तर ओडिसियसच्या बाबतीत एखादा शब्द कमीजास्त झाला तरी मोठं नुकसान होत नाही. त्याच्याकडे बारा हजारांवर ओळी आहेत. तो खोटं बोलताना दिसतो, रडताना दिसतो, बायकोसाठी झुरताना आणि सोबत्यांना मरू देताना दिसतो, पहिल्या ओळीतला शब्द चुकला असेल तर काव्यच तो दुरुस्त करून घेतं. ज्यांच्या वाट्याला सगळ्या काव्यात दहा-वीस ओळी आल्यात त्यांचं काय, हा खरा प्रश्न. त्यांच्यासाठी भाषांतरकाराने एक शब्द चुकीचा निवडला की तो कायमचा चिकटला, कारण त्यांना पुन्हा बोलायची संधी मिळणारच नाहीये.

बाविसावा सर्ग बघा. ओडिसियसच्या बायकोला, पेनेलोपीला, मागणी घालायला येऊन घरात ठाण मांडून बसलेले सगळे पुरुष मारून झालेत. मग ओडिसियस म्हाताऱ्या दाईला, युरिक्लियाला, विचारतो की घरातल्या बायकांपैकी कोण कोण फितूर झालं. ती सांगते, पन्नास जणी आहेत, त्यातल्या बारा जणींनी लाज सोडली. त्या बारा जणींना आधी प्रेतं बाहेर उचलून न्यायला लावतात, रक्ताने भरलेली टेबलं आणि आसनं पाण्याने आणि स्पंजने पुसायला लावतात, आणि मग बाहेर नेतात. ओडिसियसचा हुकूम तलवारीने मारायचा असतो. त्याचा तरुण मुलगा टेलेमाकस तो बदलतो, म्हणतो यांना स्वच्छ मरण द्यायचं नाही, आणि जहाजाचा दोर ताणून सगळ्यांना एका रांगेत फाशी देतो. होमर तिथे उपमा देतो ती जाळ्यात अडकलेल्या पाखरांची, घरट्याकडे निघालेली कबुतरं किंवा थ्रश पक्षी, आणि निवारा म्हणून जे मिळालं तेच घातकी निघालं. पाय थोडा वेळ झटकले, फार वेळ नाही. ही ओळ ज्याने एकदा वाचली तो विसरत नाही.

आता टेलेमाकस नेमकं काय बोलतो. ग्रीकमध्ये तीन ओळी आहेत. त्या बायकांसाठी तिथे नाम सुद्धा नाहीये, 'त्या' असं स्त्रीलिंगी सर्वनाम आहे फक्त. त्यांनी माझ्या आणि माझ्या आईच्या डोक्यावर अपमान ओतले आणि त्या मागणीवाल्यांपाशी झोपत होत्या. संपलं. झोपण्याचं जे क्रियापद आहे ते साधं आहे, रात्र काढणं, निजणं, त्यात शिवी नाही.

रॉबर्ट फेगल्स यांच्या १९९६ च्या भाषांतरात टेलेमाकस त्या बायकांच्या तोंडावर ओरडतो, "यू स्लट्स, द सूटर्स होअर्स!" रॉबर्ट फिट्झजेराल्ड यांच्या १९६१ च्या भाषांतरात 'ट्रल्स' आणि 'स्लट्स' असे दोन्ही शब्द आहेत. ही दोन्ही भाषांतरं लहानसहान नव्हेत, इंग्रजीत ओडिसी वाचलेल्या दोन-तीन पिढ्या यांच्यावरच वाढल्यात, आपल्याकडेही पुस्तकांच्या दुकानात जी ओडिसी मिळते ती बहुतेक वेळा फेगल्स किंवा रियू. म्हणजे लाखो वाचकांच्या डोक्यात त्या बारा जणी वेश्या म्हणून बसल्यात, आणि ते होमरने म्हटलेलंच नाही.

इथे कोणी म्हणेल की जुन्या काळचे लोक, बायकांबद्दलची मतं तशीच, चालायचंच. पण तसं नाहीये, आणि याच गोष्टीने मी या विषयात ओढला गेलो. बुचर आणि लँग यांचं १८७९ चं गद्य भाषांतर घ्या, पार व्हिक्टोरियन काळातलं, बायबलच्या इंग्रजीत लिहिलेलं. तिथे आहे 'दीज विमेन', या बायका, आणि त्या मागणीवाल्यांबरोबर निजल्या. मरे यांचं १९१९ चं, ज्यात डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं, तिथेही 'दीज विमेन'. शिवी नाही. लॅटिमोर यांच्याकडे 'क्रीचर्स' आहे, त्यात तुच्छता आहे, पण शिवी तिथेही नाही. म्हणजे शिव्या व्हिक्टोरियन संस्कारातून आल्या नाहीत, या दोन भाषांतरांत त्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आल्या, जेव्हा होमर जोरकस, जिवंत, बोलता हवा अशी मागणी वाढली. ओळीला ठोसा हवा होता, आणि ठोसा म्हणून सगळ्यात सोपी सापडली ती बाईला द्यायची शिवी. तेव्हा विल्सन यांनी आजचं राजकारण आणलं असा आरोप करणाऱ्यांनी आधी हे सांगावं की १९६१ आणि १९९६ साली जे आणलं गेलं ते काय होतं, आणि तेव्हा ते कोणालाच राजकारण का नाही वाटलं.

फेगल्स यांच्या बाजूने जे म्हणतात तेही नीट ऐकायला हवं कारण ते फालतू नाहीये. ते म्हणतात, टेलेमाकस विशीतला पोरगा आहे, संतापलेला आहे, नुकतेच डोळ्यासमोर शंभरावर लोक मेलेत, अशा वेळी तो बोलेल तर असाच बोलेल, शिवी ही त्या पात्राची आहे, भाषांतरकाराची नव्हे. पटण्यासारखं वाटतं. पण मग होमरला शिव्या देता येत नव्हत्या का? होमरच्याच इलियड या युद्धकाव्याच्या पहिल्या सर्गात अकिलीस ग्रीकांच्या सेनापतीला, आगामेम्नॉनला, दारूने जडावलेला, कुत्र्याच्या डोळ्यांचा, हरणाच्या काळजाचा म्हणतो, भर सभेत, राजाला. ओडिसीतच अठराव्या सर्गात ओडिसियस घरातल्या मेलांथो नावाच्या बाईला कुत्री म्हणतो, एकोणिसाव्यात पेनेलोपीही तिला निर्लज्ज कुत्री म्हणते. होमरला जिथे शिवी हवी तिथे तो देतो, मोजून देतो. या तीन ओळींत त्याने दिलेली नाही. पोराचा राग त्याने शब्दात दाखवला नाही, दोरात दाखवला. आणि शिवी घातली की काय होतं, लगेच पुढे पाखरांची उपमा येते, तोवर वाचकाचं मन बंद झालेलं असतं, या बायका तसल्याच होत्या असं ठरलेलं असतं, मग पाय झटकले ही ओळ नुसती भीषण वाटते, करुण वाटत नाही. होमरने त्या मरणासाठी जो शब्द वापरलाय तो 'अत्यंत केविलवाणं' असा आहे. कवी ज्यांची कीव करतोय त्यांना भाषांतरकार आधीच झिडकारून मोकळा.

अजून एक गोष्ट आहे जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. याच बाविसाव्या सर्गात, सुरुवातीलाच, ३७ व्या ओळीत, ओडिसियस उंबऱ्यावर उभा राहून त्या पुरुषांना सुनावतो की तुम्ही माझं घर लुटलंत, मी जिवंत असताना माझ्या बायकोला मागणी घातलीत, आणि माझ्या दासींबरोबर 'बिआयोस' निजलात. बिआयोस म्हणजे बळजबरीने. हे मूळ ग्रीकमध्ये आहे, कुठल्याही स्त्रीवादी टीपेत नाही. फेगल्स यांनीही तिथे 'रॅव्हिश्ड' लिहिलंय, बरोबर लिहिलंय. आणि मग सव्वाचारशे ओळींनंतर त्याच बायका 'सूटर्स होअर्स' होतात. हां, हेही खरं की काव्यात याच्या उलटही उल्लेख आहेत, मेलांथोचं मागणीवाल्यांपैकी युरिमाकसवर प्रेम होतं असं सांगितलंय, आणि मारायचा हुकूम देताना ओडिसियस स्वतःच म्हणतो की त्या चोरून त्यांना भेटायच्या. मालकाच्या तोंडून एकदा बळजबरी येते आणि एकदा चोरी, हा विरोध होमरने तसाच ठेवलाय, सोडवलेला नाही. भाषांतरकाराला तो सोडवायचा अधिकार नाही. शिवी घालून नेमकं तेच होतं, निकाल लागतो, आणि तो ज्यांना तिथे बोलायला एक शब्दही मिळाला नाही त्यांच्याविरुद्ध लागतो.

जिच्यावरून ट्रॉयचं युद्ध झालं त्या हेलनचंही असंच. तिच्या बाबतीत शब्द आहे कुनोपिस, कुत्र्याच्या तोंडाची किंवा कुत्र्याच्या डोळ्यांची. इलियडच्या तिसऱ्या सर्गात तटावर उभी राहून ती आगामेम्नॉनकडे बोट दाखवते आणि म्हणते हा कधीकाळी माझा दीर होता, मी ही अशी कुनोपिस. ओडिसीच्या चौथ्या सर्गात पुन्हा तोच शब्द. फेगल्स दोन्हीकडे 'होअर' लिहितात. लॅटिमोर, ज्यांची ख्याती शब्दाला शब्द देणारा प्रामाणिक भाषांतरकार अशी आहे, तेही इलियडमध्ये 'स्लट दॅट आय ॲम' लिहितात. आता गंमत अशी नाही तर दुःख असं आहे की हाच कुत्रा जेव्हा पुरुषाच्या तोंडावर फेकला जातो तेव्हा तो कुत्राच राहतो. आगामेम्नॉनचे कुत्र्याचे डोळे फेगल्स यांच्याकडेही 'डॉग्ज आइज' आहेत. ओडिसियस मागणीवाल्यांना 'कुत्र्यांनो' म्हणतो ते 'यू डॉग्ज'. ग्रीकमध्ये कुत्रा म्हणजे लाज नसलेला, हावरा, दुसऱ्याचं ओरबाडणारा, आणि युद्धकाव्यात प्रेतं खाणारा. म्हणजे निर्लज्जपणा. बाईच्या बाबतीत निर्लज्जपणा म्हटलं की लगेच तिचं शरीर आणि तिचं अंथरूण, हा अर्थ भाषांतरात घातला गेला. आणि तो तिथे असतोच असं नाही याचा पुरावा इलियडच्या अठराव्या सर्गात आहे. हेफेस्टस हा देव आपल्या आईला, हेरा देवीला, कुनोपिस म्हणतो, कारण तो लंगडा जन्मला म्हणून तिने त्याला लपवून टाकायचं ठरवलं. तिथे व्यभिचाराचा संबंध काय?

पण याच हेलनच्या ओळीवर विल्सन यांच्याशीही माझं भांडण आहे. ओडिसीच्या चौथ्या सर्गात त्यांनी लिहिलंय, "दे मेड माय फेस द कॉज दॅट हाउंडेड देम". चेहरा आलाय, 'हाउंडेड' मध्ये कुत्राही हुशारीने आणलाय, कारागिरी म्हणून सुंदरच आहे. पण ग्रीकमधली हेलन स्वतःला नावं ठेवते, माझ्यासारख्या कुनोपिससाठी ग्रीक ट्रॉयच्या तटाखाली आले असं म्हणते. विल्सन यांची हेलन म्हणते, त्यांनी माझा चेहरा कारण ठरवला. दोष फिरला. ज्याने स्वतःवर घेतला होता त्याच्याकडून तो सैन्यावर गेला. हेलनचा तो स्वतःला कुरतडणारा स्वर होमरमध्ये आहे आणि फार विचित्र आहे, ती खरंच अपराधी वाटून घेतेय का समोरच्याला आधीच शांत करतेय हे कधीच कळत नाही, आणि इंग्रजीत ते हरवलं. फेगल्स यांना जी पट्टी लावली तीच इथे लावायला हवी, नाहीतर आपलं म्हणणं फक्त आवडत्या बाजूचं होतं. टेलेमाकसच्या भाषणात त्यांनी घातलेला 'गर्ल्स' हा शब्दही मूळचा नाही. त्यांच्या कोवळ्या वयाकडे लक्ष जावं म्हणून तो आणलाय हे कळतं, आणि शिवीपेक्षा तो हजारपटीने बरा, पण आणलेलाच आहे.

मग विल्सन यांचं भाषांतर मला महत्त्वाचं का वाटतं, तर एका दुसऱ्या शब्दासाठी, 'स्लेव्ह'. ओडिसियसच्या घरात काम करणाऱ्या बायका ग्रीकमध्ये द्मोआय आहेत. द्मोआय म्हणजे विकत घेतलेल्या किंवा युद्धात पकडून आणलेल्या किंवा तशांच्या पोटी जन्मलेल्या. युरिक्लियाला ओडिसियसच्या बापाने, लाएर्टीसने, ती तरुण असताना वीस बैलांच्या किमतीला विकत घेतलं हे पहिल्याच सर्गात सांगितलंय. डुकरं राखणारा युमेयस हा राजाचा मुलगा, लहानपणी त्याला पळवून आणून विकलं. पण पिढ्यानपिढ्या इंग्रजीत या सगळ्यांना म्हटलं गेलं मेड, हँडमेड, सर्व्हंट, हाउसकीपर, नर्स. वाचताना असं वाटतं की हे एखाद्या इंग्रज जमीनदाराचं घर आहे, नोकरांना पगार मिळतो, पटलं नाही तर सोडून जाता येतं.

इंग्रज समीक्षक मॅथ्यू अर्नल्ड यांनी १८६१ साली होमरच्या भाषांतरावरची आपली व्याख्यानं छापली, त्यात चार गुण सांगितले, होमर वेगवान आहे, शब्दात साधा आहे, विचारात साधा आहे, आणि चौथा म्हणजे उदात्त. पहिले तीन अगदी पटतात. चौथ्याने मात्र बरीच पडझड केली असं मला वाटतं, कारण घर उदात्त ठेवायचं असेल तर त्यात गुलाम कसे दिसून चालतील. त्यावर एक प्रामाणिक आक्षेप असाही आहे की 'स्लेव्ह' म्हटलं की इंग्रजी वाचकाला अटलांटिक ओलांडून नेलेले आफ्रिकन आणि उसा-कापसाचे मळे आठवतात आणि होमरचं जग तसं नव्हतं, युरिक्लियाला घरात मान आहे, टेलेमाकसला तिने वाढवलंय. खरं आहे, जग वेगळं होतं. पण 'सर्व्हंट' ने जी चुकीची प्रतिमा येते ती जास्त चुकीची आहे, कारण नोकराला सुनावणीशिवाय दोरावर लटकवत नाहीत.

आणि ग्रीक महाकाव्यात पगारी माणसासाठी वेगळा शब्द आहेच की. थेस. मजुरीवर काम करणारा, ज्याला जमीन नाही. अकराव्या सर्गात मेलेल्या अकिलीसचा आत्मा ओडिसियसला सांगतो की मेलेल्यांवर राज्य करण्यापेक्षा मी जमीन नसलेल्या एखाद्या गरीब माणसाकडे थेस म्हणून राबेन. अठराव्या सर्गात युरिमाकस भिकाऱ्याच्या वेशातल्या ओडिसियसला थेस म्हणून ठेवायची तयारी दाखवतो, रोजगार देईन म्हणतो. म्हणजे होमरला फरक नीट माहीत आहे. आता फेगल्स अकिलीसच्या तोंडी काय घालतात, "आय'ड रादर स्लेव्ह ऑन अर्थ". लॅटिमोर काय घालतात, 'थ्रॉल', म्हणजे गुलामच. हे वाचून मी बराच वेळ दोन्ही पानं समोर ठेवून बसलो होतो. जिथे ग्रीकमध्ये मजूर आहे तिथे इंग्रजीत गुलाम आला, कारण महान योद्धा बोलतोय आणि त्याच्या दुःखाला जड शब्द हवा, आणि जिथे ग्रीकमध्ये खरोखरच्या गुलाम बायका आहेत तिथे मेड आणि सर्व्हिंग विमेन. शब्द त्यांच्याकडे होता. वापरला कोणासाठी ते बघा. विल्सन यांनी अकिलीसला 'वर्कमन, हायर्ड' केलंय आणि बायकांना 'स्लेव्ह', आणि ही साधी, चोख दुरुस्ती आहे, हिला राजकारण म्हणायचं असेल तर शब्दकोशालाही म्हणावं लागेल.

हे सगळं मराठीत बोलताना मला एक जाणवतं, की हा फरक आपल्या भाषेला मुळीच परका नाही. थेस म्हटलं की मला सालगडी हाच शब्द सुचतो, वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा, आणि अकिलीस म्हणतोय की ज्याला स्वतःलाच धड शेत नाही अशा माणसाचा सालगडी होणं मला चालेल, मराठी वाचकाला त्याची हलाखी एका शब्दात कळते. द्मोआयसाठी मात्र जपून जावं लागेल. दासी हा पहिला शब्द सुचतो, पण मराठीत दासीला भक्तीची ऊब लागलीय, जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते तेव्हा त्यात अभिमान आणि माया आहे, विकत घेतलेल्या बाईला तो शब्द लावला की कडा बोथट होतात. पेशवाईच्या कागदपत्रांत विकत घेतलेल्या बायकांना कुणबिणी आणि बटकी म्हटलंय. कुणबीण आज वाचकाला जातीचा शब्द वाटेल, त्यामुळे तो नको. बटीक बरोबर बसतो, कठोर आहे, आणि कठोरच हवा. मोलकरीण तर अजिबात नको, तिच्यात मोल आहे, मोलाची बोली करणारी बाई आहे, ती उद्या काम सोडू शकते.

मराठीत कोणी ओडिसी आणायला घेतली तर ती बहुधा इंग्रजीवरूनच येईल, ग्रीक वाचणारे आपल्याकडे थोडे. म्हणजे दोनदा गाळलेला होमर. तेव्हा निदान एवढं व्हावं की ज्याच्यावरून करतोय त्या एकाच भाषांतरावर विसंबू नये. ग्रीक मजकूर इंटरनेटवर फुकट आहे, एकेका शब्दावर क्लिक केलं की त्याचा अर्थ आणि व्याकरण दिसतं अशी सोय आहे, मरे यांचं जुनं भाषांतरही तिथेच शेजारी आहे. सगळं काव्य असं तपासणं शक्य नाही, मान्य. पण जिथे एखाद्या दुबळ्या माणसाला इंग्रजी भाषांतरात शिवी पडलेली दिसेल तिथे थांबून ती ग्रीकमध्ये आहे का एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. इंग्रजी ओडिसी शिकवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे, की वर्गात एकच पुस्तक लावायचं असलं तरी बाविसाव्या सर्गाची दोन पानं दुसऱ्या भाषांतरातून झेरॉक्स करून द्या, मुलांना स्वतःला फरक दिसू दे.

टेलेमाकसच्या त्या तीन ओळी मराठीत साधारण अशा येतील, "यांचा जीव मी स्वच्छ मरणाने घेणार नाही, यांनी माझ्या डोक्यावर अपमान ओतले, माझ्या आईच्याही, आणि त्या मागणीवाल्यांपाशी निजत होत्या." इतकंच आहे तिथे. ज्याला हे भाषांतर करायचंय त्याने ४६४ व्या ओळीतलं हे 'निजत होत्या' लिहिण्याआधी ३७ व्या ओळीत आपण 'बिआयोस' साठी कुठला शब्द घातला होता तो परत काढून बघावा.